जगात जर्मनी, भिंतीवर परभणी

कोपऱ्यावरचा प्लॉट घेऊ नये, असं वास्तुशास्त्रात लिहिलंय की नाही कोण जाणे. नसेल तर लिहायला हवं. परभणीत वसमत रोडच्या बाजूला एका निवृत्त गुरुजींनी तो घेतला. दोन बाजूंनी रस्ता, म्हणजे दोन बाजूंनी हवा आणि दोन बाजूंनी उजेड, असा त्यांचा हिशेब. दोन बाजूंनी रस्ता म्हणजे दोन बाजूंनी भिंत, आणि भिंत म्हणजे उभ्या गावाची पाटी, हे ध्यानात आलं तोवर रजिस्ट्री होऊन गेली होती.

दिवाळीच्या तोंडावर त्यांनी कंपाउंडला बदामी रंग दिला. रंगारी शिडी खांद्यावर टाकून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे दूध घ्यायला बाहेर आलेल्या गुरुजींना भिंतीवर निळा छाप दिसला : ‘बोअरवेल करून मिळेल’. खाली मोबाइल नंबर. तोही एकदाच नाही. पाच पावलांवर पुन्हा, आणखी पाच पावलांवर पुन्हा, कोपरा वळून पलीकडच्या रस्त्यालाही पुन्हा. गुरुजींनी तिथल्या तिथं नंबर फिरवला.

“माझ्या भिंतीवर कुणाला विचारून लिहिलं?”

“बोअर घ्यायचाय का, सर?”

“मी काय विचारतोय? भिंतीवर का लिहिलं?”

“मोकळी होती म्हणून लिव्हलं. तुम्ही फोन लावलाव का नाही? म्हंजे जाहिरात चालायलीय.”

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. चाळीस वर्षं पोरांना निरुत्तर करण्यात घालवलेल्या माणसाला हे फार लागतं.

मग गुरुजींनी पेंटर बोलावला. पेंटरने दोरीला नीळ लावून सरळ रेघा मारल्या, ब्रश रॉकेलात बुडवून झटकला आणि लाल ऑइलपेंटात हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं : ‘या भिंतीवर जाहिरात करू नये, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ भिंतीवरचं सगळ्यात मोठं लिखाण आता खुद्द मालकाचं झालं. काम संपल्यावर पेंटरने खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर टाकला. गुरुजी म्हणाले, “अरे, ही जाहिरातच झाली की!” पेंटर म्हणाला, “जाहिरात नव्हं गुर्जी, सही हाय.”

कला म्हणजे काय, या प्रश्नावर जगभर पुष्कळ ग्रंथ झालेत. एवढं थोडक्यात उत्तर त्यात सापडेलच असं नाही.

जाहिरातींचा बंदोबस्त झाला तसा दुसरा उपद्रव सुरू झाला. भिंतीच्या आडबाजूला गुरुजींनी ‘येथे लघवी करू नये’ असं लिहून घेतलं. तोवर त्या कोपऱ्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. आता मात्र येणारा-जाणारा पाटी वाचे आणि त्याला आठवण होई. शेजाऱ्यांनी सुचवलं, गाढवाचं चित्र काढा. काढलं. दोन दिवसांत कुणीतरी गाढवाखाली कोळशाने ‘गुरुजी’ असं लिहून ठेवलं. त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं. म्हणजे लिहिणारा त्यांचाच विद्यार्थी.

गाढवाचा हा उपाय आजचा नाही, हे त्यांना माहीत असतं तर थोडा धीर आला असता. महाराष्ट्रात शिलाहार-यादवांच्या काळापासून गधेगळ नावाचे दगड उभे आहेत. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढव. हे दान जो मोडेल त्याच्या घराण्याची गाढव काय शोभा करील, ते लाजलज्जा सोडून कोरलेलं. अलिबागजवळच्या अक्षीचा, इ.स. १०१२ चा मानला जाणारा आणि मराठीतल्या आद्य लेखांत गणला जाणारा शिलालेख याच जातीतला आहे. तेव्हा मराठी भाषा सार्वजनिक ठिकाणी पहिल्यांदा बोलू लागली तीच मुळी गाढव दाखवून. हजार वर्षांत सूचना बदलली, गाढव तेच राहिलं, आणि सूचनेचा परिणामही बहुधा तेवढाच.

गाढवानंतर देव आले. चौकातल्या दुकानातून देवांच्या टाइल्स आणून गुरुजींनी ओळीनं बसवल्या : गणपती, साईबाबा, मक्का-मदिना, बुद्ध, येशू, गुरू नानक. परभणीत कुणालाही वगळून चालत नाही. आडोशाला उभं राहणं खरोखर थांबलं. पण आठवड्याभरात तिथं उदबत्ती लागू लागली, मग हार, मग नारळ, आणि एका संध्याकाळी चार तरुण फाटकाशी येऊन अदबीनं विचारते झाले, “गुर्जी, इथं छोटंसं शेड मारावं म्हणालोत. वर्गणी तुमच्यापासून सुरू करू का?”

टाइल्स रातोरात काढण्यात आल्या.

अशा मनःस्थितीत पुण्याहून भाचा आला. भाचा डिझाइन शिकलेला. बारीक दाढी, खांद्याला कॅमेरा. मामांशी बोलायच्या आधी त्याने भिंतीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. निळा छाप, लाल धमकी, उपटलेल्या टाइल्सचे सिमेंटी चौकोन, गाढव, आणि कोपऱ्यातल्या गुटख्याच्या पिचकाऱ्या. (महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण हे भिंतीला अजून कुणी कळवलेलं नाही.)

“मामा, हे केवढं लेयर्ड आहे!”

“हे सगळं घाण आहे.”

“नाही मामा. हा शहराचा आवाज आहे.”

गुरुजींना शहराचा आवाज म्हणजे पहाटेचा भोंगा आणि लग्नसराईतला डीजे एवढाच माहीत होता. भाच्याने मग त्यांना जग दाखवलं. जगाची सुरुवात त्याने योग्य ठिकाणाहून केली. प्रत्येक परभणीकर लहानपणापासून ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं ऐकत मोठा होतो. या दोहोंत नेमकं काय सारखं आहे ते मात्र आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. भिंतीपुरतं तरी आता सांगता येईल. बर्लिनची भिंत १९६१ मध्ये पूर्व जर्मनीने बांधली, ती हद्दीच्या थोडी आत. त्यामुळे पश्चिमेकडून तिच्यापाशी जाऊन रंग फासणारा माणूस कायद्याने परक्या देशात उभा असे. तरी १९८४ पासून त्येरी न्वार नावाच्या फ्रेंच चित्रकाराने तिच्यावर मोठमोठी तोंडं काढायला सुरुवात केली. पश्चिमेकडची बाजू रंगांनी भरून गेली, पूर्वेकडची कोरी राहिली, कारण तिथं ब्रश घेऊन जाणाऱ्याला बंदुकीशी गाठ होती. १९८९ मध्ये भिंत पडली आणि १९९० मध्ये तिच्या उरलेल्या सव्वा किलोमीटरच्या तुकड्यावर देशोदेशींच्या शंभराहून जास्त चित्रकारांनी चित्रं काढली. आता ते स्मारक आहे. पुढची गंमत अशी, की या चित्रांवर पर्यटकांनी आपापली नावं खरडली. शेवटी २००९ मध्ये बहुतेक चित्रं नव्यानं रंगवून घ्यावी लागली. भिंत खराब करणाऱ्यांची भिंत लोकांनी खराब केली, म्हणून भिंत खराब करणारे चिडले.

“म्हणजे तिथंही पिंटू आहेच,” गुरुजी म्हणाले. पिंटू म्हणजे ज्याचं नाव बदामाच्या आकृतीत, बाणासकट, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याच्या हेमाडपंती देवळांपासून दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत कुठेही दिसू शकतं तो. पण पिंटूला एकट्याला झोडपण्यात अर्थ नाही. अजिंठ्याची लेणी जगापुढं आणण्याचं श्रेय ज्या जॉन स्मिथला देतात, त्या इंग्रज अधिकाऱ्याने वाघाच्या शिकारीला आलेला असताना दहाव्या लेण्यात शिरून पहिलं काम काय केलं? चित्रावर स्वतःचं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. लेणं तेव्हा दगडमातीने भरलेलं, त्या ढिगावर उभं राहून त्याने लिहिलं, म्हणून आज ते माणसाच्या डोक्याच्याही वर आहे आणि पुसायला हात पोचत नाही. मराठवाड्याच्या भिंतींवर नाव टाकणाऱ्यांच्या पंगतीत मानाचं पान या साहेबाचं. बाण आणि बदाम तेवढे त्याने काढले नाहीत.

भाच्याने पुढं न्यू यॉर्क सांगितलं. तिथं क्वीन्स भागातल्या फाइव्ह पॉइंट्झ नावाच्या जुन्या कारखान्यावर चित्रकार मालकाच्या परवानगीने वर्षानुवर्षं रंगकाम करत. इमारत पाडायची ठरल्यावर मालकाने २०१३ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत सगळ्या चित्रांवर पांढरा रंग मारला. एकवीस चित्रकार कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये न्यायाधीशांनी मालकाला साडेसदुसष्ट लाख डॉलर भरपाई भरायला लावली. दोन वर्षांनी अपिलातही तेच कायम झालं.

गुरुजींचा चहा हातातच राहिला. “स्वतःच्या भिंतीला चुना लावला म्हणून दंड?”

“हो.”

गुरुजींनी खिडकीतून बोअरवेलच्या छापाकडे बघितलं. त्या दिवशी चुन्याची बादली भरून ठेवली होती. ती त्यांनी मागच्या अंगणात नेऊन झाडाच्या बुंध्याला वापरली.

उतारा म्हणून भाच्याने सिंगापूर सांगितलं. १९९४ मध्ये मायकेल फे नावाच्या अठरा वर्षांच्या अमेरिकन पोराला तिथं मोटारींवर रंग उडवल्याबद्दल वेताच्या छडीचे फटके बसले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी रदबदली केली म्हणून सहाचे चार झाले. गुरुजींचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा उजळला. छडी बंद झाल्यापासून देशाचं काय झालंय, यावर ते जेवणापर्यंत बोलत होते.

आपल्याकडे छडी नाही, कायदा आहे. महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५. रस्त्यावरून दिसणारी जागा, मग ती खासगी का असेना, स्थानिक प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय विद्रूप केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाच्याने मोबाइलवर वाचून दाखवला तेव्हा गुरुजी खूश झाले. मग त्यांनी ‘लेखी परवानगी’ हे शब्द पुन्हा वाचायला सांगितले, बाहेरच्या आपल्याच हातभर लाल अक्षरांची आठवण झाली आणि विषय बदलला.

या कायद्याची खरी अडचण अशी, की भिंतीवर लिहिणाऱ्या एकालाही आपण भिंत विद्रूप करतोय असं वाटत नाही. क्लासवाल्याला वाटतं, आपण शिक्षणाचा प्रसार करतोय. वशीकरणवाला संसार जोडतोय. निवडणुकीतला उमेदवार तर नुसतं नाव लिहूनही लोकसेवा करत असतो. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त होते त्या काळात रंगलेल्या भिंतींना एकदम धाक बसला, पण सवय काही मेली नाही. अजूनही आचारसंहिता लागली की नावांवर चुना फिरतो. परभणीचं ऊन आणि मृगाचा एक पाऊस, की चुना ओघळतो आणि खालचे साहेब पुन्हा नमस्कार करत वर येतात. काही ठिकाणी जुने साहेब, नवे साहेब आणि मधले बंडखोर साहेब असे तिघे एकमेकांतून डोकावत असतात. मराठवाड्याचा राजकीय इतिहास ज्याला लिहायचा आहे त्याने ग्रंथालयात जाण्याआधी एखादी अशी भिंत नखाने खरवडावी.

सरकारचं म्हणाल तर ते सगळ्यांत मोठं भिंतलेखक. स्वच्छ सर्वेक्षणाचे दिवस जवळ आले की गावोगावच्या भिंती एका रात्रीत कलासक्त होतात. परभणीलाही २०११ मध्ये महानगरपालिका मिळाली आणि महानगर म्हटल्यावर रंगरंगोटी ओघानंच आली. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ हे बहुधा जिथं झाड होतं त्या जागेमागच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. आणि चित्र कोणतं? वारली. डहाणूच्या पाड्यांत लग्नघरी सुवासिनींनी मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचा चौक जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणून जगभर नेला, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आता त्याच वारल्यांचा तारपा नाच राज्यातल्या सार्वजनिक शौचालयांच्या भिंतींवर गोल गोल चालू आहे. नाचणाऱ्यांची तोंडं काढायची नसतात, हे कंत्राटदाराच्या फार पथ्यावर पडलं.

भाचा गप्प बसणारा नव्हता. त्याने गुरुजींची भिंत ‘म्युरल’साठी मागितली. कॉलेजची पोरं आली, स्प्रेचे डबे आले, नाकाला रुमाल बांधले गेले. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. एकाने तर पोलिसांना फोन करायची तयारी केली. संध्याकाळपर्यंत भिंतीवर निळी-हिरवी पृथ्वी तयार झाली, दोन हातांच्या ओंजळीत. गुरुजींना आवडली. सहा महिन्यांत परभणीच्या काळ्या मातीने आपलं काम केलं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतीला तडा देते. तडा बरोबर पृथ्वीच्या मधून गेला. तो पाहून भाच्याने पुण्याहून कळवलं : “मामा, हात लावू नका. आता खरं पूर्ण झालं.”

त्याच उन्हाळ्यात गुरुजींच्या घरचा नळ रुसला. टँकरवाल्याचे भाव चढले. एका दुपारी गुरुजी टोपी घालून बाहेर आले, इकडं-तिकडं पाहिलं आणि पृथ्वीच्या कडेला उरलेल्या एका फिकट निळ्या छापावरून नंबर उतरवून घेतला.

“बोला गुर्जी,” पलीकडून आवाज आला. आवाज ओळखीचा होता, आणि ओळख ठेवणारा होता. “उद्या गाडी लावू का?”

हा छाप कसा होतो ते पाहण्यासारखं असतं. जुन्या एक्स-रेची फिल्म घ्यायची, कुणाच्या तरी मोडलेल्या हाडाच्या फोटोवर धारदार ब्लेडने अक्षरं कापायची. ‘ब’च्या पोटातला तुकडा निसटू नये म्हणून मध्ये बारीक दांडी ठेवायची. मग स्पंजाने रंग टिपत रात्रीत शे-दीडशे छाप उठवायचे. एक पोरगा फिल्म धरतो, दुसरा रंग देतो, तिसरा रस्त्यावर लक्ष ठेवतो. ब्रिस्टलच्या बँक्सीचीही पद्धत हीच : स्टेन्सिल, रात्र आणि पळ. फरक किमतीत आहे. बँक्सीचं एक चित्र २०१८ मध्ये सदबीजच्या लिलावात दहा लाख पौंडांवर विकलं गेलं आणि हातोडा पडताच चौकटीतल्या यंत्राने अर्धं फाडून टाकलं. तेच फाटकं चित्र २०२१ मध्ये एक कोटी पंच्याऐंशी लाख पौंडांच्याही वर गेलं. परभणीत चित्र फाटलं तर नगाला पैसे कापतात.

आणि पेंटर? त्याची दशा फ्लेक्सने केली. पूर्वी दुकानाची पाटी, ट्रकची पाठ, शाळेचा सुविचार, लग्नाच्या दारावरचा गणपती, सगळं त्याच्या ब्रशावर चालायचं. जुनी माणसं अजून सांगतात, खेड्याच्या भिंतीवर गेरूने लिहिलेलं असे : ‘देवीचा रोगी कळवा, एक हजार रुपये मिळवा.’ अक्षर सगळीकडे ठळक आणि सारखं. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. त्यात त्या गेरूचाही वाटा होता, पण भिंतीवर लिहिणाऱ्याचं नाव कुणी सरकारी अहवालात घेतल्याचं दिसत नाही. रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं हरवू नयेत म्हणून हनीफ कुरेशी या कलावंताने त्यांचे संगणकावर चालणारे टाइप बनवण्याचा उद्योग केला. तो गेला २०२४ मध्ये. दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या रंगवलेल्या भिंतींमागं ज्यांची संस्था होती त्यांतला तो एक. अर्थात त्या भिंती सरकारी वसाहतीच्या होत्या आणि परवानगी लेखी होती.

प्रस्तुत लेखकाचं अक्षर असं आहे, की त्याने भिंतीवर काहीही लिहिलं तर कोणत्याही कायद्याखाली ते विद्रूपीकरणच ठरावं. तरी मत विचाराल तर ते सरळ आहे. न विचारता दुसऱ्याच्या दारावर छाप मारणं ही चोरी आहे, मग छाप बोअरवेलचा असो, साहेबांचा असो की बँक्सीचा. अजिंठ्यावर नाव कोरणारा तर छडीच्याच लायकीचा. पण कोरी भिंत म्हणजे सुसंस्कृत गाव, असंही काही नाही. परभणीतल्या भिंतींवर आजही सगळ्यांत देखणं काय असेल, तर एखाद्या बंद पडलेल्या किराणा दुकानावरची सावली दिलेली पिवळी-लाल अक्षरं. ती ज्याने काढली तो आता कुठंतरी फ्लेक्सच्या मशिनवर बसून वाढदिवसाच्या साहेबांचे गाल गोरे करत असेल.

तेव्हा ज्यांची भिंत कोपऱ्यावर आहे त्यांनी या दिवाळीला ती मोकळी सोडू नये. हातानं लिहिणारा पेंटर अजून गावात सापडतो. नंबर बहुतेक तुमच्याच भिंतीवर असेल. महापालिकेचा कागद आधी हाती घ्यावा, मजकूर नीट लिहून द्यावा, भाव करताना फ्लेक्सचा दर तोंडावर फेकू नये, आणि काम झाल्यावर त्याला खाली उजव्या कोपऱ्यात सही करू द्यावी.